जुन्या मोटारीचे पुढचे ब्रेक : खर्च कोठे करावा, कोठे वाचवावा

जी मोटार आज विकावयास काढली तर तीस-चाळीस हजारांच्या वर कोणी गिऱ्हाईक बोली लावणार नाही, तिच्या एका दुरुस्तीपायी सात-आठ हजार रुपये मोजावेत किंवा नाही, हा प्रश्न पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे वारंवार उभा राहतो. आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असेच असते. रंग उडाला तर उडालेला चालतो, आसनाची शिवण उसवली तर वर चादर टाकता येते, वातानुकूलन बंद पडले तर काचा खाली घेता येतात. ब्रेकच्या बाबतीत मात्र अशी कोणतीच पर्यायी तजवीज नाही, आणि तरीही जुन्या गाडीच्या मालकाला पैशाचा विचार न करता चालत नाही. या पेचातून सुटण्याचा जो मार्ग मला अनुभवाने पटला तो असा, की ब्रेकच्या दुरुस्तीत काटकसर करता येते, पुष्कळच करता येते. पण ती दुखण्याचे निदान नेमके करून करावयाची असते, हलके जिन्नस घेऊन नव्हे. या विधानाची खातरजमा करून घेण्यासाठी सबंध विषयच एकदा मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र होय, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या चाकांचे महत्त्व आपोआप उलगडते. माणसांसह एक हजार किलो वजनाची छोटी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या अंगी सुमारे १ लाख ३९ हजार जूल इतकी ऊर्जा असते, आणि तिला थांबवावयाचे म्हणजे ही सगळी ऊर्जा चार चाकांपाशी जाळून टाकावयाची. तीच गाडी रविवारी संध्याकाळी सिंहगडाच्या घाटरस्त्याने ५०० मीटर उंची उतरून खाली येते, तेव्हा तिला ४९ लाख जूल ऊर्जा कोठेतरी टाकावी लागते. म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा पुरते थांबण्याइतके काम, अथवा नळाचे पंधरा लिटर पाणी उकळून निघेल इतकी उष्णता. चालकाने दुसरा गिअर टाकून उतार उतरला तर या ओझ्याचा बराचसा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये उतरला तर सारा भार ब्रेकवर येतो. त्यातही ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, पुढची चाके रस्त्याला घट्ट धरतात, मागची हलकी होतात, आणि थांबविण्याच्या कामाचा साठ-सत्तर टक्के अथवा त्याहूनही अधिक हिस्सा पुढच्या दोन चाकांना करावा लागतो. पुढचे पॅड मागच्या लायनरच्या कितीतरी आधी झिजतात ते याच कारणाने; त्यात कारखानदाराचा दोष काही नाही.

इतिहासावर येथे फार रेंगाळण्याचे प्रयोजन नाही, तथापि दोन शब्द सांगितल्यावाचून पुढची चर्चा अधांतरी राहील. चढावर थांबलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली दगडाची उटी लावणे आणि उतारावर चाकाच्या लोखंडी धावेवर लाकूड दाबून धरणे, एवढेच ज्ञान आपल्या घाटमाथ्यावर पिढ्यानपिढ्या पुरले. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात गाडीवान लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकून घर्षण वाढवितात, हे पाहून हर्बर्ट फ्रूड याने १८९७ साली ब्रेकच्या अस्तरांचा स्वतंत्र उद्योग उभारला, आणि फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. तरी चकती, म्हणजे आपली डिस्क, लोकांच्या नजरेत भरण्यास १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ल मान्सच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट व पद्मिनी यांच्या पुढच्या चाकांनाही ड्रमच असत. नंतर मारुती ८००, झेन, आणि १९९८ सालच्या अखेरीस खुद्द पुण्यात तयार होऊन बाहेर पडलेली इंडिका, या सर्वांना पुढे डिस्क व मागे ड्रम अशी योजना आली, आणि आज पुण्याच्या सोसायट्यांच्या वाहनतळांत ज्या जुन्या गाड्या उभ्या दिसतात त्यांतील बहुतेक याच घडणीच्या आहेत. ब्रेक हा विषय पुण्याला परका नाही, हेही सांगितले पाहिजे: ब्रेकचा उद्योग उभारणारा कल्याणी समूह येथलाच, चाकणला ब्रेंबोच्या दुचाकी ब्रेकचा कारखाना आहे, आणि कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन वाहनांच्या चाचण्या घेते. ज्या शहरात हे सारे ज्ञान घरच्या अंगणात आहे, तेथल्या गाडीमालकाने अंदाजपंचे दुरुस्ती करून घ्यावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

निदानाविषयी मी एवढा आग्रह का धरतो, हे माझ्याच गाडीच्या हकिकतीवरून सांगतो. माझी १९९८ सालची मारुती ८०० ब्रेक दाबताच डावीकडे ओढू लागली, तेव्हा ज्या गॅरेजमध्ये ती नेहमी जात असे तेथे डावे चाक खोलण्यात आले, पॅड बदलण्यात आले, आणि चार दिवस बरे गेल्यावर गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली. चौदा महिन्यांत दोनदा पॅड झाले, आणि तिसऱ्या खेपेस पॅड डिस्कवर दाबून धरणारे अख्खे डावे कॅलिपरच बदलण्याचा सल्ला मिळाला. तेवढ्या रकमेचा धसका घेऊन मी नाना पेठेतील एका गल्लीत बसणाऱ्या वयस्कर फिटरकडे गेलो. त्यांनी गाडी रिकाम्या रस्त्यावर एकदाच चालवून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, गाडी डावीकडं ओढती म्हणून सगळे डावंच चाक खोलतात. डावं आपलं काम करतंय. दुखणं उजवीकडं आहे.” उजवे चाक उतरवून त्यांनी दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले: बाहेरच्या पॅडवर बोटाच्या पेराची निम्मी जाडी सहज शिल्लक होती, आतला पॅड पार पत्र्यापर्यंत खाल्ला गेला होता, आणि डिस्कच्या आतल्या अंगावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उठल्या होत्या. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकावयाचे, त्यांतल्या एका पिनेचे रबरी बूट फाटून आत पावसाचे पाणी गेले होते व पीन गंजून आपल्या घरात घट्ट बसली होती. त्यामुळे पिस्टन आतल्या पॅडला दाबी, पण बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून आणण्याचे कॅलिपरचे काम होतच नसे; उजवा ब्रेक अर्धाच लागे, आणि डावा पुरा लागल्याने गाडी डावीकडे वळे. दोन पिना, चार रबरी बुटे, पॅडचा एक संच आणि तासाभराची मजुरी, एवढ्यात जे काम झाले त्यासाठी मी आधी दोनदा पैसे भरले होते.

या अनुभवानंतर मी ब्रेकच्या लक्षणांचा जो अभ्यास केला, त्यातील सार असे, की प्रत्येक लक्षणाचे सर्वांत स्वस्त कारण आधी तपासावे. पेडल लांब जाते आणि दोनदा पंप मारल्यावर वर येते, तेव्हा लोक पुढच्या पॅडला बोल लावतात. प्रत्यक्षात पुष्कळदा मागच्या ड्रममधील शू ड्रमपासून दूर राहिलेले असतात आणि त्यांची जुळवणी करण्यास एक पैशाचाही जिन्नस लागत नाही. पेडल स्पंजासारखे नरम लागत असेल तर तेलात हवा शिरलेली असते. ते घट्ट लागून पायाखाली हळूहळू खाली बसत असेल, आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरे गेलेली असतात. ब्रेक मारताना पाय थरथरतो तेव्हा डिस्क वाकडी झाली असे सांगून ती बदलावयास लावतात. परंतु डिस्क ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावर साचलेला गंज तारेच्या ब्रशाने घासून काढल्यावर ती थरथर थांबल्याचे मी स्वतः पाहिले आहे. चाक गरम होऊन ब्रेक धरून राहत असेल तर पिस्टन जाम झाला असे ठरविण्यापूर्वी रबरी नळी पाहावी, कारण पंधरा-वीस वर्षांची नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आतून सुजते, पायाच्या जोरावर तेल आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. तेलाच्या टाकीतील पातळीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे सरकतो व टाकीतील तेल थोडे खाली जाते. ही झिजेची नैसर्गिक खूण आहे, पण पेट्रोल पंपावर कोणीतरी उदारपणे तेल भरून ती खूण पुसून टाकतो, आणि नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलला की तेच जादा तेल वर येऊन खालचा रंग खाऊन टाकते.

निदान झाल्यावर खरेदीचा प्रश्न येतो, आणि येथे मात्र माझे मत कठोर आहे. पॅड, रबरे, नळ्या व तेल या चार जिनसांत तडजोड नामंजूर. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, आणि घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की आणखी दोन महिने ओढण्याचा मोह टाळावा. कारण पत्रा डिस्कवर घासू लागला म्हणजे वाचविलेल्या रकमेच्या कित्येक पट किंमत डिस्कच्या रूपाने द्यावी लागते. नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मुबलक मिळतात. त्यांतच नामांकित कंपनीच्या खोक्यात भरलेला नकली मालही असतो, म्हणून पक्के बिल घ्यावे, खोक्यावरचा व पॅडच्या पाठीवरचा क्रमांक ताडून पाहावा, आणि बिल देण्यास जो दुकानदार काचकूच करतो त्याच्याकडून फार तर आरसा घ्यावा, ब्रेकचा भाग घेऊ नये. मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराविषयी मला जिव्हाळा आहे. तेथून मी दाराची मूठ, जॅकचा दांडा, चाकाची टोपी आणि एकदा तर अगदी अस्सल अवजारांचा संचही आणलेला आहे. तेथे मिळणारे वापरलेले कॅलिपर घेण्यास तत्त्वतः हरकत नाही, मात्र ते केवळ लोखंडाचे घर म्हणून घ्यावे: पिस्टनच्या अंगावर गंजाचे खड्डे नसले पाहिजेत, हवा काढण्याचे निपल सुटत असले पाहिजे, आणि आतली सगळी रबरे नवी घातली पाहिजेत. वापरलेले पॅड अथवा वापरलेली नळी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये.

खरी बचत होते ती कॅलिपर आणि डिस्क या दोन महागड्या भागांत. कॅलिपर जाम झाले म्हणजे बदललेच पाहिजे ही वहिवाट अलीकडची आहे. पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर रबरांचे किट घालून जुनेच कॅलिपर पुढची कित्येक वर्षे काम देते, आणि किटची किंमत नव्या कॅलिपरच्या तुलनेने मामुली असते. हे काम करताना रबरे धुण्यास रॉकेल किंवा पेट्रोल कदापि वापरू नये, पिनांना साधे ग्रीस लावू नये. खनिज तेलाचा स्पर्श झालेले रबर फुगते आणि जो रोग बरा करावयाचा तोच पुन्हा जडतो. ताजे ब्रेक ऑइल आणि रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस, एवढ्यावर काम होते. डिस्कची गोष्ट अशी, की तिच्या अंगावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजून, लेथवर कट मारल्यानंतरही ती त्या आकड्याच्या वर राहणार असेल तर खुशाल कट मारून घ्यावा. राहणार नसेल तर तो विषय तेथेच संपवावा, कारण पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही आणि सिंहगडाच्या उतारावर त्या पंधरा लिटर पाण्याचा हिशेब तिलाच चुकता करावयाचा असतो. जवळच्या लेथवाल्याकडे मायक्रोमीटर नसेल तर दुसरा लेथवाला शोधावा.

तेलाची बाब सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांच्या खाली उकळू नये व डॉट ४ तेल २३० अंशांच्या खाली, असा दंडक आहे. परंतु ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर आलेली आहे, यावरून पाणी काय अनर्थ करते ते कळावे. लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये असे जुने तेल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोहोचवीत नाही, आणि सकाळपर्यंत चांगले असलेले पेडल एकाएकी तळाला जाते. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत दर दोन वर्षांनी तेल बदलणे यास मी चैन म्हणणार नाही. अर्ध्या लिटरच्या डब्यास दोन-तीनशे रुपये पडतात. अर्धवट वापरलेला, वर्षभर कपाटात राहिलेला डबा मात्र वापरू नये.

पुढे ड्रम असलेल्या पद्मिनी किंवा जुन्या अँबॅसडरच्या मालकांना वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. जुन्या शूवर नवे लायनर बसवून देणारे कारागीर अजून आहेत, ड्रमलाही कमाल व्यासाची मर्यादा असते, आणि नवा लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासला नाही तर पहिले काही दिवस ब्रेक निम्म्यानेच लागतो. एक इशारा आवश्यक आहे: जुन्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, तेव्हा ड्रममधील काळी भुकटी तोंडाने अगर हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमधली पंधरा-सोळा वर्षांची पोरे ती भुकटी फुंकरीने उडविताना पाहिली म्हणजे जीव कासावीस होतो, आणि अशा वेळी गाडीमालकाने संकोच न करता त्यांना थांबविले पाहिजे.

ब्रेकचे काम घरी करावे काय? पॅड बदलणे, पिना साफ करणे आणि हवा काढणे ही तीन कामे ज्याला पाना धरता येतो त्याला जमतात, परंतु गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याजवळ हात घालू नये. खाली घोडी लावलीच पाहिजे, मागच्या चाकांना उटी लावलीच पाहिजे, आणि उतरविलेले कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवले पाहिजे. हवा काढण्यास दुसरा माणूस लागतो. आमच्या वाहनतळात हे काम माझा पुतण्या करतो, तो पेडलवर पाय ठेवून “काका, दाबू?” असे विचारतो, मी “दाब, धर” म्हणतो, निपल पाव फेरा सैल करतो, पारदर्शक नळीतून काळपट तेलाबरोबर बुडबुडे बरणीत उतरतात, निपल आवळल्यावरच मी “सोड” म्हणतो, आणि बुडबुडे थांबून तेल मधासारखे स्वच्छ येईपर्यंत हाच क्रम चालतो. दर सात-आठ खेपांनंतर टाकीत तेल पाहणे विसरले तर सगळी मेहनत वाया जाते. कॅलिपर उघडणे, मास्टर सिलिंडर, धातूच्या नळ्या, ही कामे मात्र जाणत्या फिटरवर सोपवावीत. भाग स्वतः आणून द्यावेत, काढलेले जुने भाग परत मागावेत, व मजुरी आधी ठरवावी. चांगला फिटर याचा राग मानीत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ९६ वा नियम ब्रेकविषयी आहे, आणि खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकापुढे रुजू करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, तेव्हापासून पुष्कळ लोक फीचे पैसे जमविताना दुरुस्तीचे पैसे कापतात. हा उलटा हिशेब आहे. निरीक्षकाची तपासणी त्या एका दिवसापुरती असते, आणि पुण्यातील नवले पुलाचा उतार रोज उतरावा लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा आरंभी ब्रेक निकामी झाल्याची बातमी पसरली. प्राथमिक तपासात मात्र चालकाने इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून वाहन उतारावर सोडल्याचे सांगण्यात आले. छोट्या गाडीलाही हेच लागू आहे: ज्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर आहे तिचे इंजिन बंद केले की दोन-तीन दाबांनंतर बूस्टरची मदत संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते, आणि नवेकोरे पॅडही मग फारसे उपयोगी पडत नाहीत.

दुरुस्ती झाल्यावर नवे पॅड एकदम घाटात नेऊ नयेत. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा ताशी ५० च्या वेगावरून १० पर्यंत, पुरते न थांबता, मध्यम दाबाने पंधरा-वीस वेळा वेग उतरवावा, मधूनमधून डिस्क थंड होऊ द्यावी, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. मग घरी येऊन गाडी लावल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागाजवळ, स्पर्श न करता, हाताचा पंजा धरून पाहावा. माझ्या गाडीची ही तपासणी मी अजून दर महिन्याला करतो: आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि दोन्ही पंजांना सारखीच ऊब लागली म्हणजे दाराला कुलूप लावून वर जातो.